शेवटच्या पानावर न आलेली झडप

मित्रांनो, मी एक जुना पेटंटचा कागद आहे. शोध लावणाऱ्याच्या परवानगीशिवाय तो शोध दुसऱ्या कोणी वापरू नये, म्हणून सरकार असा कागद देत असे. १८९१ साली मी ठाण्यात लिहिला गेलो. अभिमानाने सांगावे असे माझ्याजवळ फार थोडे आहे, तेव्हा लाजेची गोष्टच सांगतो.

कोपरीच्या गुणाजीने मिठागरात खाडीचे पाणी चढवायला पायाने चालवायचा रहाट केला होता. पाय थांबला की पाणी परत खाली जाई. त्याची बायको गोदूबाई हिने चामड्याची झडप सुचवली आणि पाणी वरच राहू लागले.

मला श्रीपादराव वकिलांनी लिहिले. पहिल्या पानावर शोधाचे नाव, मग यंत्र कसे बनते आणि चालते त्याचे वर्णन, मग आकृती. आकृतीत झडप चांगली ठसठशीत काढली होती. मी थोडा चढूनही गेलो होतो. शेवटचे पान दाव्यांचे. शोधातले नेमके काय आपले, ते तिथे लिहायचे. तिथे जे नाही, ते कोणीही उचलावे.

दाव्यात काय काय धरू, असे वकिलांनी विचारले. गुणाजी मान खाली घालून म्हणाला, "झडपेची अक्कल घरातली हाय. ती मी माझे नावाव कशी लावू?"

तो बायकोचे नाव घेईना, आणि परक्या बाईचे नाव वकीलही विचारीनात. दाव्यात नुसता रहाट आला. मला तेव्हा काहीच खटकले नाही.

दोन वर्षांनी कल्याणच्या एका व्यापाऱ्याने वेगळ्या घडणीचा रहाट करून त्याला तीच झडप लावली. खटला झाला. न्यायाधीशांनी माझी आकृती कौतुकाने पाहिली, मग शेवटचे पान वाचले आणि झडप कोणालाही वापरता येईल असा निकाल दिला. भर कोर्टात मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरी गोदूबाईने मला ओट्यावर पसरले. तिला वाचता येत नव्हते, पण आकृतीतल्या झडपेवर तिने बरोबर बोट ठेवले. ही तर इथे आहेच, असे ती म्हणाली. चित्रात असून भागत नाही, दाव्यात लागते, आणि तिथे ती आपणच लिहू दिली नाही, हे गुणाजीने कसेबसे सांगितले.

तिने झडपेवरचे बोट काढले नाही. मग म्हणाली, "मना एकदा इचारायचा होता. मी माझा नाव दिला असता."

मित्रांनो, कागद जपून ठेवा असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे एवढेच, की कागद करताना ज्याचे काम आहे त्याला शेजारी बसवा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवा. त्या दिवशी गोदूबाईचे बोट माझ्या अंगावर होते, आणि तिचे नाव माझ्यात कुठेच नव्हते.