हिंग भरलेला फणस

रफिकने कुवेतमध्ये अठरा वर्षं एसी बसवून लोकांच्या खोल्या थंड केल्या. दिघीला स्वतःचं घर बांधायला घेतलं तेव्हा मात्र त्याने शपथच घेतली, की या घरात एसी येणार नाही. नकाशा त्यानेच काढला, चिरेही त्यानेच रचले. आवारात दोन आंबे, एक ऐन आणि नैर्ऋत्येला थोरला फणस. परवानगीशिवाय एकालाही कुऱ्हाड लावायची सोय नव्हती. म्हणून त्याने भिंतीच झाडांच्या कलाने वळवल्या. खाडीचा वारा खिडकीतून शिरे आणि वरच्या झरोक्यातून निघून जाई. गाव आधी हसलं, मग बघायला येऊ लागलं. कौतुकाने माणूस फुगतो, तसा रफिकही फुगला.

छपरावर सौर पॅनेल बसली आणि घोडं अडलं. दुपारी दोन वाजले की फणसाची सावली पॅनेलांवर यायची. तोडायचा अर्ज नामंजूर झाला. मग त्याने तेच केलं जे इकडे दबक्या आवाजात सांगतात. एका जुम्म्याला घसा दुखतो म्हणून तो नमाजाला न जाता घरी राहिला, खोडाला गिरमिटाने भोकं पाडली, त्यांत हिंग भरला आणि वर माती लिंपली.

फणस वाळायला लागला. रफिकची आई जहुरा मासळी धुतलेलं पाणी रोज त्याच झाडाच्या बुंध्याशी ओतायची. तिने स्वतःच निकाल लावून टाकला. "खारवलेल्या मासळीचं पाणी घातलं मी. माझ्याच हातानं मेला तो."

"असं काय नसतं, अम्मी," एवढं म्हणून रफिकने पुढचा घास घेतला. 

त्या दिवसापासून जहुराने कुठल्याच झाडाला पाणी घातलं नाही. दुखरे गुडघे घेऊन ती बादली खाडीपर्यंत नेऊन ओतायची. वाळलेलं झाड म्हणून परवानगी मिळाली, गावातल्या लाकूडतोड्या काळूरामने येऊन ते तोडलं, आणि चोराच्या मनात चांदणं, म्हणून ती भोकं असलेला बुंधा रफिकने स्वतः जाळला. आता पॅनेलांवर दिवसभर ऊन होतं. तेच ऊन पश्चिमेच्या भिंतीवरही पडे आणि जहुराची खोली भट्टीसारखी तापे. शेवटी तिथे एसी बसवावा लागला. पॅनेलांची वीज त्यालाच पुरायची.

पुढे एकदा किहीमहून नूतन नावाची बाई घर बघायला आली. तिलाही झाडांमध्ये घर बांधायचं होतं. तिने सगळं फिरून पाहिलं आणि विचारलं, की इतक्या विचाराने बांधलेल्या घरात ही एकच खोली का तापते?

रफिकच्या आधी जहुराच बोलली. "पोराची चूक न्हाय, बाई. त्यानं एक पान तोडलं न्हाय. इथं फणस होता, तो मी मारला. म्हातारीची अक्कल."

परक्या बाईसमोर आई हात जोडून उभी होती. रफिकला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अम्मीनं न्हाय," तो म्हणाला. "मी मारला. हिंग भरला खोडात."

नूतनने हातातली वही मिटली. 

"चार महिने," जहुरा म्हणाली, "नमाजीत मी माफी मागते हाय, रफिक."

मग तिने दाराशी ठेवलेली मासळीच्या पाण्याची बादली उचलली. रफिक घ्यायला पुढे झाला, पण तिने दिली नाही. लंगडत ती आंब्यापाशी गेली आणि सगळं पाणी त्याच्या बुंध्याशी ओतलं.