निरंक समजण्यात यावे

जिल्ह्याच्या ठिकाणी एक कार्यालय होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तरी 'असा विषय अभिलेखात आढळून येत नाही' असं ते कळवेल, आणि ते खरंच असेल.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिथे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, खिडक्या कायमच्या लावून घेतल्या आणि थंड हवेचं यंत्र बसवलं. जिल्ह्यातल्या बाळंतिणींच्या डोक्यावर पंखा नव्हता. पण बाळंतिणी उकडलं म्हणून बंद पडत नाहीत, कॉम्प्युटर पडतो. दारावर 'चपला बाहेर काढाव्या' अशी पाटी लागली. चपला काढून आत जाणारे काही जण मग सवयीने हातही जोडू लागले.

आत बसायला नेमणूक झाली यादोरावांची. यादोराव सांख्यिकी सहायक. कोणत्या गावात किती माणसं आजारी पडली, किती मेली, याचे आकडे गोळा करायचे आणि त्यांचे आलेख काढायचे, ही त्यांची नोकरी. आजवर ते आलेख हाताने काढत आले होते. चौकटीचा कागद, फूटपट्टी, लाल शाई. एक आलेख नीट उतरायला दिवस जाई आणि तोवर साथही बहुधा गावातून निघून गेलेली असे. आलेख सुरेख दिसे आणि कोणाच्या कामी येत नसे. भिंतीवर मात्र शोभे.

यादोरावांची एक खोड होती. एखाद्या गावाचा आकडा आला नाही, की ते तिथे लेखणी उचलत आणि रेषेत जागा सोडत. पुढचा आकडा आला की मधल्या जागेत बारीक ठिपके देत. साहेब लोकांना ते ठिपके आवडत नसत. एका साहेबांनी तर विचारलं होतं, "शाई संपली होती काय?"

कॉम्प्युटरसोबत एका काळ्या मऊ तबकडीवर आलेख काढायचा प्रोग्राम आला होता. गावाचं नाव टाका, तारीख टाका, आकडा टाका, कळ दाबा. पडद्यावर हिरवी रेष हजर. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. शिकवायला नागपूरहून एक तरुण आला. त्याने शिकवलं, सावजीचं जेवण कुठे मिळतं ते विचारलं आणि जाता जाता एक गोष्ट बजावली, "खाना रिकामा सोडू नका. रिकामा दिसला की प्रोग्राम बोंबलतो, रेष काढतच नाही."

"पण अहवालच नाही आला तर?" यादोरावांनी विचारलं.

तरुणाला ते माहीत नव्हतं. साहेबांना होतं. प्रत्येक परिपत्रकाच्या शेवटी एक वाक्य असतंच: विहित वेळेत अहवाल न आल्यास तो निरंक समजण्यात यावा. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. जो बोलला नाही त्याला काही सांगायचं नव्हतं, असं सरकारने फार पूर्वीच ठरवून टाकलेलं आहे.

"शून्य टाका," साहेब म्हणाले. "त्यात काय एवढं?"

भादव्यात मोहाडीकडच्या येनटोल्याला हगवण-ओकारी सुरू झाली. गावाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला नाला, आणि विहिरीत दोन्हींचं पाणी. तिथली नर्स होती सत्यभामा, यादोरावांची एकुलती एक मुलगी. शाळेच्या खोलीत तिने बांबूच्या तट्ट्या अंथरून दवाखाना मांडला. रोज सकाळी ती आकडे एका चिठ्ठीवर लिहायची, खुशाल नावाचा गावचा कोतवाल ती चिठ्ठी सायकलवर मोहाडीला न्यायचा, आणि मोहाडीचा कारकून भोजराज फोनवरून ते आकडे यादोरावांना वाचून दाखवायचा.

"येनटोला. नवीन अकरा, मेले दोन," भोजराज म्हणायचा. "आन खाली लिवलं हाये, बाबाले सांगजो मी बरी आहो."

"ते कोणत्या खान्यात टाकू?" यादोराव विचारायचे. दोघं हसायचे. मग यादोराव अकरा टाकायचे आणि रेष वर जायची.

साहेबांनी नवा नियम केला होता. जिल्ह्यात साथीचं पथक एकच: एक जीप, एक डॉक्टर, मागे सलाईनची खोकी. ज्या गावाची रेष सगळ्यात वर, तिथे पथक. रेष खाली बसली की पथक पुढच्या गावाला. आणि तोवर त्या गावच्या नर्सची रजा बंद. नियम वाईट नव्हता. येनटोल्याची रेष वर होती, पथक येनटोल्यात होतं.

घरी त्यांची बायको वच्छलाबाई रोज दारातच विचारायच्या, "अजी, रेष खाली आली का?"

"अजून नाही."

"तुमच्याच हाती हाये ना ते मशीन? मंग थोडी खाली करून द्या ना जी. पोरगी दिवाळीसारखी वाट पाहायले लावून राहिली."

"अवं, मशीन का आपल्या मनानं चालते? पोरीनं आकडा कमी धाडला की रेष खाली येते."

"मंग तिले सांगा कमी धाडायले."

यादोराव हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

एका सकाळी भोजराजचा फोन आला आणि येनटोल्याचं नाव न घेताच तो ठेवायला लागला.

"येनटोला?" यादोराव म्हणाले.

"नाही आलं."

"नाही आलं म्हणजे?"

"नाही आलं म्हणजे नाही आलं, काकाजी. खुशाल आलाच नाही. नाल्याले पूर असंल."

यादोरावांनी येनटोल्याचा खाना रिकामा ठेवला आणि कळ दाबली. प्रोग्राम बोंबलला. आवाज बारीक पण टोकदार होता. बाहेर डोमा शिपाई दचकला. साहेब आतून म्हणाले, "यादोराव, अकराला कागद कलेक्टर साहेबांच्या टेबलावर पाहिजे. निरंक टाका."

यादोरावांचं बोट थोडं थबकलं. त्यांना जुने ठिपके आठवले असतील. पण वच्छलाबाईही आठवल्या. आणि आकडा नाही म्हणजे आजारी नाही, आजारी नाही म्हणजे चिठ्ठी नाही, असंही असू शकतंच की. पोरीने साथ थोपवली असेल. अहो, तिची धडाडीच तशी. त्यांनी शून्य टाकलं. मन लावून टाकलं.

रेष खाली आली. अशी सरळ, अशी देखणी, की हाताने काढून जमली नसती. छपाई यंत्राने करकर करत ती कागदावर उतरवली. साहेब चपला बाहेर काढून स्वतः आत आले. "वा," म्हणाले. "याला म्हणतात नियंत्रण."

दुसऱ्या दिवशीही येनटोल्याहून काही आलं नाही. रेष तळाला आडवी पडून राहिली. साकोलीकडच्या एका गावाची रेष वर निघाली होती. पथकाला वायरलेसवरून निरोप गेला: येनटोला आटोक्यात, साकोलीकडे निघा. डॉक्टर रात्रीच्या मुक्कामाला नाल्याच्या अलीकडे, मोठ्या वस्तीत आला होता आणि तिथेच अडकला होता; पलीकडची शाळा पुरामुळे त्यालाही दिसत नव्हती. त्याने निरोपावर विश्वास ठेवला. निरोप कागदावरून आला होता, कागद मशीनवरून.

यादोराव साहेबांकडे गेले. "साहेब, एकदा गाडी पाठवून पाहून घ्यायचं का?"

"कुठे?"

"येनटोल्याला."

"शून्यावर गाडी पाठवू?" साहेबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "ऑडिटवाले काय म्हणतील? आणि तुम्हीच तर शून्य टाकलं."

हे खरं होतं. मग साहेबांचा आवाज मऊ झाला. "मुलगी आहे ना तुमची तिथे? काळजी करू नका. रेष खाली आली, तिची रजा मी आजच मंजूर करतो." आणि त्यांनी केली. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट माणूस असते तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

संध्याकाळी वच्छलाबाईंनी पोरीच्या आवडीचं झुणका-भाकरीचं जेवण केलं आणि दोघं बसस्टँडवर गेले. मोहाडीची गाडी आली. कोंबड्या उतरल्या, तांदळाची पोती उतरली, एक नवरी उतरली. सत्यभामा उतरली नाही.

"रेष तं खाली आली म्हनत होते तुम्ही," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आली ना."

"मंग पोरगी कुठं हाये?"

सकाळी यादोराव रजेचा आदेश खिशात घालून मोहाडीच्या गाडीत बसले. तिथून पायी. नाल्याचं पाणी उतरलं होतं, मांडीएवढं होतं. शेताच्या धुऱ्याने चालताना त्यांना दोन्ही बाजूंना धान उभं दिसलं, पण पाणी भरलेल्या बांधीत एक माणूस दिसला नाही. पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत आपलं आपण जात होतं.

शाळेच्या ओट्यावर रुखमा बसली होती. ही गावची सुईण, सत्यभामाच्या हाताखाली काम करायची. यादोरावांना पाहून ती उठली नाही.

"उशीर केला जी बाबूजी," ती म्हणाली.

"सत्यभामा?"

"बाईलेच हगवण लागली ना शेवटी. आमी म्हनलं, बाई, सलाईनची एक बाटली तुमी लावून घ्या. ते म्हने, पथकाची गाडी पल्याड हाये, उद्या आनखीन येतीन. लहान्या पोराईले लावल्या साऱ्या. मंग गाडी निघून गेली म्हनते. काहून गेली जी?"

यादोरावांनी खिशातला आदेश चाचपला.

"खुशालबी गेला. त्याच्या आंधीच. सायकल थे पाहा." सायकल शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. हँडलवर चिठ्ठी ठेवायची पिशवी अडकवलेली होती, कोरडी राहावी म्हणून वर प्लास्टिक.

"त्यानंतर किती?" यादोरावांनी विचारलं. तीस वर्षं एकच प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरा येत नाही.

"कोन मोजते?" रुखमा म्हणाली. "मोजनारी तेच होती."

सत्यभामाला तळ्याच्या पाळीवर पुरलं होतं. गावात चार माणसं उभी राहू शकत होती, त्यांनी जमलं तसं केलं. यादोराव तिथे बसले. मग उठले आणि गावात घरोघरी फिरले. कोणी सांगितलं, कोणी नुसतं बोट दाखवलं. काही घरांत सांगायलाही कोणी नव्हतं. तो आकडा त्यांनी शेजारच्या घराकडून घेतला.

कार्यालयात परत आल्यावर त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन बसले आणि आडव्या पडलेल्या रेषेतली शून्यं एकेक खोडून आणलेले आकडे भरले. कळ दाबली. प्रोग्रामला काही वाटायचं कारण नव्हतं. रेष उभी वर गेली, इतकी वर की कागदात मावावी म्हणून मशीनने बाकी सगळ्या गावांच्या रेषा दाबून बारीक केल्या. जिल्ह्यातला बाकीचा आजार एकदम नाहीसा झाल्यासारखा दिसू लागला.

साहेबांनी कागद पाहिला. ते उभे राहिले. "फार वाईट झालं, यादोराव," म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे ओले झाले. मग बसले. "पण हे आकडे कोणाच्या सहीने आले?"

"मी आणले."

"तुम्ही सहायक. गावच्या आकड्यावर गावच्या नर्सची सही लागते."

"नर्स मेली, साहेब."

"तेच म्हणतो मी." साहेबांनी कागद टेबलावर पसरला. "आणि कलेक्टर साहेबांनी जुना आलेख वर पाठवून दिला. वरून अभिनंदनही आलं. आता मागची रेष हलवायची म्हणजे..." कागद त्यांनी आपल्या हाताने ड्रॉवरमध्ये ठेवला, अगदी हळू, चुरगळू न देता.

येनटोल्याची रेष तळालाच राहिली. हजेरीपटावर सत्यभामा रजेवर होती. वच्छलाबाईंनी पुन्हा कधी रेषेचं विचारलं नाही. यादोराव घरी आले की त्या भाकरी वाढून परसात जाऊन बसत.

पुढे थंडी पडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. भोजराजने फोनवर सगळी गावं वाचली आणि म्हणाला, "कुसुमटोल्याचं नाही आलं, काकाजी."

यादोरावांनी खाना रिकामा ठेवला. कळ दाबली. प्रोग्राम बोंबलला. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा बोंबलला. ते दाबत राहिले, एका लयीत, घाई न करता. बाहेरचे कारकून माना वर करून पाहू लागले. डोमा दारात येऊन उभा राहिला.

"यादोराव!" आतून साहेब. "बिघडलं का?"

"नाही साहेब."

"मग निरंक टाका ना!"

"गाडी पाठवा साहेब. गाडी जाऊन आली की टाकतो."

प्रोग्राम बोंबलत राहिला. अकरा वाजले, वाजून गेले. कलेक्टर कचेरीचा फोन आला. साहेब चपला न काढता खोलीत आले, यादोरावांच्या पाठीमागे उभे राहून त्यांनी रिकामा खाना पाहिला. शेवटी दारातल्या डोमाला म्हणाले, "धनीरामला म्हणावं, ऑफिसची जीप काढ. कुसुमटोला."

ड्रायव्हर धनीराम दुपार कलल्यावर परत आला, खर्रा तोंडात धरून. "सारं ठीक हाये जी. नर्सबाईच्या सायकलचा टायर फाटला होता. कोनी आजारी नाही, कोनी मेलं नाही. बाईनं चहा पाजला मले."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांचा आवाज चढला. "ऐकलंत? निरंकच होतं! डिझेलचा खुलासा तुम्ही लिहून द्यायचा. लेखी."

"देतो साहेब," यादोराव म्हणाले.

त्यांनी कुसुमटोल्याच्या खान्यात शून्य टाकलं आणि कळ दाबली. रेष सरळ खाली आली. त्यांनी ती जरा वेळ पाहिली आणि छापायला लावली.