पानतेलिस आजोबांना उजेडात आणलं तो शनिवार

"थिया, माझ्या आजोबांची हाडं कुठल्या रंगाची निघतील गं?"

पोलिक्सेनीने विचारलं खरं, आणि झऱ्याच्या भिंतीआड लपलेल्या कालिरोई आणि उरानिया या मैत्रिणींचे हात तोंडावर गेले. पैज त्यांनीच लावली होती: आर्गिरोला हे तोंडावर विचारून दाखव! आर्गिरोला सगळं गाव थिया, म्हणजे मावशी म्हणायचं आणि सगळं गाव तिला थोडं टरकूनही असायचं. माणूस पुरल्यावर पाच-सहा वर्षांनी त्याला पुन्हा मातीतून वर काढायचं काम तिचं होतं. ग्रीसमधल्या डोंगरात, खडकावरचं ते एवढंसं कबरस्तान. जुने उठल्याशिवाय नव्यांना जागा कुठली?

थियाने बादली खाली ठेवली. "मेणासारखी पिवळी निघाली तर माणूस समाधानाने गेला. काळी निघाली तर मनात काहीतरी राहिलं. तुझ्या आजोबाचं काय सांगावं! माझ्या फडताळातलं चीज पळवायचा मेला." मग भिंतीकडे बघत मोठ्याने, "आणि त्या दोन शेळ्यांना सांग, शेपट्या दिसतायत!"

भिंतीआड फिस्सकन हसू फुटलं.

"शनिवारी ये," थिया म्हणाली. "माझे हात थरथरतात हल्ली. तुझे चालतील."

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात धडा वाचायला उभं केलं तरी पोलिक्सेनीला घाम फुटायचा. आता ती चक्क "येते!" म्हणाली.

शनिवारी डोंगर धुक्यात बुडाला होता. बदाम फुलले होते, आणि पाकळ्या इतक्या हळू खाली येत होत्या की त्या मध्येच विचार बदलून परत वर जातील असं वाटावं. आई फाटकाशीच थांबली, रुमाल डोळ्यांना लावून. बाबा पाठ फिरवून डोंगराकडे बघत सिगारेट ओढत होते. थिया मात्र कमरेइतक्या खड्ड्यात उतरून, हाताने माती बाजूला करत, शेजाऱ्याला हाक मारावी तशी बोलत होती. "ऊठ, पानतेली. पाच वर्षं झोपलास. बघ, बदाम फुललाय. नात आलीय न्यायला."

मग तिने कवटी वर काढली, एप्रनने पुसली, कपाळाचा मुका घेतला आणि पोलिक्सेनीच्या ओंजळीत दिली.

आपण किंचाळू असं तिला वाटलं होतं. पण कवटी वाळलेल्या भोपळ्याइतकी हलकी होती. आणि पिवळी! मधाच्या पोळ्यासारखी पिवळी!

"चीज माफ झालं म्हणायचं," थिया म्हणाली.

आजोबांच्याच मळ्यातल्या लाल वाइनमध्ये पोलिक्सेनी एकेक हाड धूत गेली. पाय, बरगड्या, उजवा हात. डाव्या हाताशी मात्र ती अडली. दोन बोटं कमी! ती खड्ड्यात उतरली, मूठ मूठ माती चाळत बसली. रडकुंडीला आली.

"काय शोधतेस, पोरी?"

"करंगळी! आणि तिच्या शेजारचं!"

थिया हसता हसता खड्ड्याच्या काठावरच बसली. "अगं वेडे, ती तेलाच्या घाण्यात गेली, तुझी आई जन्मायच्या आधी! म्हणून तर तो हात सदा खिशात असायचा! त्या वर्षीचं तेल आम्ही सगळ्यांनी खाल्लं!"

फाटकापाशी आईसुद्धा रडता रडता हसली.

धुतलेली हाडं पेटीत ठेवून दोघी अस्थिघरात गेल्या. आत ओळीने पेट्या, प्रत्येकीवर नाव. बाहेर गावात एकसष्ट माणसं आणि इथे चारशेवर. यादवीत एकमेकांवर बंदुका रोखलेले दोन भाऊ एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून. उपासमारीच्या हिवाळ्यातली तान्ही बाळं बिस्किटांच्या डब्यांत. अमेरिकेहून फक्त मरायला परतलेला शिंपी. दिव्याची ज्योत हलली की नावंही हलायची, आणि पोलिक्सेनीला वाटलं, आपण आत आलो म्हणून गप्पा थांबल्यात. गेलो की पुन्हा सुरू होतील.

"थिया, तुला कोण काढणार?"

थियाला ना मूल, ना भावंड. तिने कोपऱ्यातल्या लोखंडी झाकणाकडे हनुवटीने दाखवलं. ज्यांचं कोणी नाही त्यांची हाडं त्याखालच्या विहिरीत, बिननावाची.

"नगरपालिकेचा माणूस येईल फावडं घेऊन. बरंच आहे की, खाली गर्दी असते, करमेल." ती हसली. मग दिव्याची वात सारखी करत म्हणाली, "एकच वाटतं. फावड्याने नको. फावड्याला कुणाशी बोलता येत नाही."

दुपारी घरी घेवड्याचं सूप आणि ऑलिव्ह. आईचे डोळे अजून सुजलेले.

"आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय," पोलिक्सेनी उभी राहून म्हणाली.

"बसून सांग. सूप सांडशील," आई म्हणाली.

"थियाला मी काढणार."

बाबांचा चमचा थांबला. "अगं, ती जिवंत आहे अजून!"

"मग? मला कुठे घाई आहे?"

"पुढच्या वर्षी आपण पात्रा शहरात राहायला चाललोय, तुझ्या शाळेसाठी. विसरलीस?"

"न्या पात्राला. अथेन्सला न्या, कुठेही न्या. ती गेली की पाच वर्षं मोजेन आणि येईन. हातांनी काढेन, वाइनने धुवेन, तिच्याशी बोलेन, पेटीवर नाव लिहेन. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. आणि तिला सांगूनच घरी आलेय."