ऐंशीच्या पुढे

"दाब की जरा! पाय काय लोण्यात ठेवलायस?" शेजारच्या सीटवरून अल्लाबक्ष ओरडला.

कात्रजचा बोगदा मागे पडला होता आणि साताऱ्याकडे जाणारा रस्ता समोर मोकळा होता. तरी धोंडिबाचा पाय काही पुढे सरकेना. काटा सत्तरवर होता आणि गाडी कशी शहाण्यासारखी चालली होती. त्यानं मनात पांडुरंगाचं नाव घेतलं आणि पाय दाबला.

ऐंशी ओलांडली आणि ती थरथर आली. आधी बसल्या जागी मुंग्या आल्यासारखी, मग सगळी सीट खालून कुणीतरी धरून हलवावी तशी. धोंडिबानं झटकन पाय काढून घेतला.

"काढलास कशाला? मला कळू तर दे!"

"चाक निखळंल, भाई."

"निखळलं तर मी पण तुझ्याबरोबरच आहे. पुन्हा दाब. स्टेअरिंग थरथरतंय?"

"न्हाई. बुडाखाली."

"ब्रेक मारल्यावर वाढतं?"

"न्हाई. नुसती पळताना."

"मग पुढची चाकं निर्दोष सुटली. दुखणं मागं आहे. चल, वळव गॅरेजकडे. आणि घाम पूस, माझ्या गॅरेजात गाड्या आणतात, ड्रायव्हर नाही."

धोंडिबा हसला नाही. गाडीचं दुखणं निघालं नाही तर काय, ही भीती त्याला नव्हतीच. निघालं तर काय निघेल, ही होती.

गाडी मुक्ताताईंची. कोथरूडच्या कीर्तनकार मुक्ताताई. त्यांचं कीर्तन जिथे, तिथे धोंडिबा. मंडपाच्या कडेला गाडी लावायची, काच खाली करायची आणि स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत बसायचं, असं निम्मं आयुष्य गेलेलं. ताईंनी चिपळ्या वाजवत नुसता चरण उचलला, तरी काळोखात कुणी समई लावावी तसं त्याला व्हायचं. मध्यंतरी ताईंना हार घातला जाई, बुक्क्याची वाटी फिरे, माणसं एकमेकांच्या कपाळाला बोट लावत. ती वाटी शेवटच्या रांगेपर्यंत येई, गाडीपर्यंत कधी आली नाही. "आपला प्रसाद कानानं," असं धोंडिबा स्वतःशी म्हणे.

आणि मग ते वाईकडचं कीर्तन. परतताना खंबाटकी ओलांडली आणि मागच्या सीटवर ताईंचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. आरशात पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं. धोंडिबानं गाडी हाणली, आणि ऐंशीच्या पुढे ती थरथरायला लागली. आत्ता चाक जाणार, ताईंसकट गाडी उलटणार, या धास्तीनं त्यानं वेग उतरवला आणि पुण्यापर्यंत साठीनं आणली. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." ताई वाचल्या. वाचा गेली.

ते 'थोडं' तेव्हापासून माशाच्या काट्यासारखं घशात रुतून बसलं होतं. घरात कुणी त्याला बोल लावला नाही, त्यानं तर ते जास्तच रुतलं. गाडी खरोखर मोडायला आली होती, एवढं एकदा कुणी सांगितलं असतं, तर तो रात्री डोळे मिटू शकला असता.

गॅरेजात अल्लाबक्षनं मागचं डावं चाक उतरवलं, उलटं केलं आणि एकदम खदखदून हसला. "हे घे! निघाला चोर."

लोखंडी रिंगच्या आतल्या बाजूला काळ्या चिखलाचा वाळलेला थर बसला होता. एकाच बाजूला, वीटभर.

"एवढ्यानं?"

"चाक पळायला लागलं की छटाकाचा शेर होतो, बाबा. कुठल्या वावरात घातली होतीस?"

धोंडिबाला आठवलं. धूळ बसावी म्हणून मंडपाच्या मैदानावर टँकरनं पाणी मारलं होतं. बाकीच्यांनी गाड्या सडकेवर ठेवल्या. ताईंचे गुडघे दुखतात, चालायला नको, म्हणून यानंच मागे घेत घेत व्यासपीठापर्यंत नेली होती. मागची चाकं चिखलात फिरली होती.

"भाई, त्या दिवशी शंभरनं आणली असती तर?"

अल्लाबक्षचं हसू मावळलं. ताईंचं त्याच्या कानावर आलं होतं. तो फडक्यानं हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही. "धोका असतोच रे. बेअरिंग जाऊ शकतं, टायर... वरच्यानंच तुला बुद्धी दिली, सावकाश आणलीस."

"भाई."

अल्लाबक्ष फडक्याकडेच बघत होता. "थरथरली असती," तो हळू म्हणाला. "पण आली असती."

धोंडिबानं मातीचं ढेकूळ रुमालात बांधून घेतलं.

कोथरूडला दार ताईंच्या सुनेनं, दीपालीनं उघडलं. "बरं झालं आलात काका. आईंची व्यायामाला जायची वेळ झालीच आहे."

ताई खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. धोंडिबानं गाडीची किल्ली शेजारच्या टेबलावर ठेवली आणि रुमाल सोडला.

"ताई, गाडीला कायबी झालं नव्हतं. ही माती व्हती चाकात. तुमच्या कीर्तनाच्या मंडपातली. मीच नेली व्हती गाडी आत. मला जोरात आणता आली असती, ताई. मी भ्यालो. आता दुसरा माणूस बघा."

"काका, अहो काय हे!" दीपाली कासावीस झाली. "आत्ता आईंना कशाला..."

ताईंनी डावा हात जरासा उचलला, तशी ती मागे सरली. ताई मातीकडे बघत राहिल्या. मग बोटांनी ढेकळाचा कोपरा चुरला, चिमूट घेतली, बुक्क्याची घेतात तशी. हात वर आला आणि मध्येच थांबला. त्यांना काय हवंय, म्हणून धोंडिबा वाकला. ताईंचं बोट त्याच्या कपाळाला टेकलं.

मग त्याच हातानं त्यांनी टेबलावरची किल्ली त्याच्याकडे ढकलली. ती कडेपर्यंत घसरत आली. पडायच्या आत धोंडिबानं ती धरली.

"काका, कपाळाला माती..." दीपालीनं नॅपकिन पुढे केला.

"असू दे," धोंडिबा म्हणाला, आणि ताईंच्या उजव्या पायात चप्पल चढवायला खाली बसला.