शिक्केवाल्यांची अॅडॅप्टर प्लेट

बाईंनी दुसऱ्यांच्या गाडी चालवण्याला नावं ठेवणं बंद केलं, तेव्हा शिक्केवाले घाबरले.

त्याआधी गाडी बंद पडली, तेव्हा ते घाबरले नव्हते. बंद पडणं हा त्या गाडीच्या स्वभावाचाच भाग होता. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिच्यात चार माणसं बसत. प्रत्यक्षात दोन माणसं आणि दोन समजूतदार माणसं बसत. रंग एके काळी निळा होता. ही गाडी बाईंनी शिक्केवाल्यांशी लग्न होण्याआधी घेतलेली, आणि तिच्यावर त्यांनी आसपासच्या निम्म्याअधिक बायकांना ड्रायव्हिंग शिकवलं. पुरुषही येत, पण बाईंचं म्हणणं असं, की पुरुषाला शिकवण्याआधी त्याला काय काय येतं ते विसरायला लावावं लागतं, आणि त्यातच निम्मं पेट्रोल जातं. खुद्द शिक्केवालेही लग्नानंतर थोडे दिवस शिकायला बसले होते. मग दोघांनी शांतपणे विचार केला आणि संसार टिकवायचं ठरवलं. तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर. तिथे ब्रेक नसतो हे त्यांच्या उजव्या पायाला अजून कळलेलं नव्हतं.

या खेपेला गेला होता तो कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारा भाग. त्याला तडा गेला होता. कंपनीने तो बनवणं कधीच सोडलं होतं. मेकॅनिकने खूप शोधाशोध करून दुसऱ्याच एका गाडीचा कार्ब्युरेटर आणला. तब्येतीने ठणठणीत, पण त्याच्या बुडाची चार भोकं एका ठिकाणी आणि इंजिनावरची चार भोकं भलतीकडे.

"मधे एक प्लेट टाकावी लागेल," मेकॅनिक म्हणाला. "खालून इंजिनाला बसेल, वरून कार्ब्युरेटरला. मधे मोठं भोक." लेथवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की शंभर करायच्या असतील तर या. एका प्लेटसाठी तो मशीन लावणार नव्हता.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "ही गेली की माझंही चालवणं संपलं. नवीन गाडीवर मी हात बसवत बसणार नाही." आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन करून शनिवारी सकाळी यायला सांगितलं. आवाज असा, की जणू रद्दीच द्यायची होती.

मग त्या रोज चहाचा कप घेऊन रस्त्याकडच्या खिडकीत बसू लागल्या. ही त्यांची जुनीच जागा. इथूनच त्या कोण सिग्नल न देता वळला, कोणी क्लच जाळला, कोणाला लायसन्स देणाऱ्याला आधी आत टाकायला हवं, हे शिक्केवाल्यांना ऐकवत. शिक्केवाले हातातलं काम करता करता हुं हुं म्हणत. घराला घरपण होतं ते त्या हुंकाराचंच. आणि एके सकाळी समोर एका इसमाने टेम्पो थेट उलट्या बाजूने घातला. शिक्केवाल्यांनी सवयीने आधीच हुं म्हणून ठेवलं. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. घाईत असेल."

शिक्केवाले घाबरले ते तेव्हा. हे शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून आयुष्यात ऐकले नव्हते. ज्या बाईंनी त्यांच्याच लग्नाच्या वरातीत ड्रायव्हरला तिसऱ्या गिअरबद्दल चार शब्द सुनावले होते, त्या बाई एका टेम्पोला माफ करत होत्या. ते उठले, चप्पल पायात सरकवली आणि मेकॅनिककडे जाऊन म्हणाले, "ती प्लेट मी करतो."

मेकॅनिकने त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. त्याला वाटलं, यांना चक्कर येतेय.

खरं म्हणजे प्लेटची कल्पना शिक्केवाल्यांना नवी नव्हती. बाई आणि त्यांची मोठी नणंद यांच्यामध्ये ते स्वतः वर्षानुवर्षं तेच काम करत आले होते. खालून एकीला घट्ट, वरून दुसरीला घट्ट, आणि मधून पूर्ण पोकळ. ही वस्तू आपल्याला जमेल, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यांचा धंदा रबरी शिक्क्यांचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. आता शिक्के कॉम्प्युटरवर होत. जुनी, रबर भाजायची प्रेस कोपऱ्यात कापड पांघरून बसलेली असायची. तिच्या तळाला अॅल्युमिनियमची चांगली बोटभर जाड पाटी होती, आरशासारखी सपाट. त्यांनी ती खोलून शिकंज्यात धरली आणि हॅक्सॉ चालवायला घेतला. आवाज ऐकून बाई दारात आल्या.

"अहो, ती प्रेसची पाटी आहे."

"होती," शिक्केवाले म्हणाले.

बाई दारातच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या की करवत सगळ्या लांबीने चालवावी, नुसतं मधल्या दातांना का राबवताय. शिक्केवाल्यांना बरं वाटलं. हे नावं ठेवणं नव्हतं अजून, पण तापाचा पारा उतरू लागावा तसं होतं.

मापं घेताना त्यांनी आपल्या पद्धतीने घेतली. पट्टी आणि कंपास घेऊन बसणं त्यांना पटेना. त्यांनी कार्ब्युरेटरच्या बुडाला शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई लावली आणि तो पुठ्ठ्यावर दाबला. चारही भोकं, मधलं मोठं भोक, कडा, सगळं नोटरीने बघत राहावं इतकं स्वच्छ उमटलं. इंजिनावरच्या तोंडाला कागद लावून, बोटाने दाबून, त्याचाही ठसा काढला आणि दोन्ही मधल्या भोकावर जुळवून एकाच पुठ्ठ्यावर आणले. दोन्हींत एक एक भोक जरा कोपऱ्याबाहेर पळालेलं होतं. ठसे काढून झाल्यावर त्यांनी चहा घेतला, कारण छाप चांगली आली की ते नेहमी चहा घेत.

मग ते सगळं पातळ कागदावर उतरवून अॅल्युमिनियमवर चढवलं. ड्रिलने भोकं पाडली, मधलं भोक शेजारी शेजारी बारीक भोकं पाडून मोकळं केलं आणि कानशीने घासलं. मेकॅनिकच्या हत्याराने कार्ब्युरेटरच्या चार भोकांत आटे पाडले. इंजिनाच्या चार भोकांना वरून खळगे केले, म्हणजे स्क्रूची डोकी आत बुडतील आणि कार्ब्युरेटर वर सपाट बसेल. कानस धरण्यावर बाईंची एक सूचना आली, ती मान्य झाली. अॅल्युमिनियमचा कीस पोळपाटापर्यंत पोचला, त्यावर मात्र सूचना आली नाही. नुसता झाडू आला.

शनिवारी सकाळी गाडीचं बॉनेट वर करून दोघं कामाला लागली. म्हणजे शिक्केवाले लागले. बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, किल्ली हातात. म्हणाल्या, उगाच उभं राहून काय करू. पण त्यांनी सीट पुढे ओढून घेतली, हे शिक्केवाल्यांनी बाजूच्या काचेतून पाहिलं.

त्यांनी सांधा गळू नये म्हणून गॅस्केटचा कागद ठेवला, त्यावर प्लेट ठेवली, आणि प्लेट बसेना. तीन भोकं इंजिनाच्या भोकांजवळ घुटमळत होती. चौथं, ते कोपऱ्याबाहेरचं, सरळ दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभं होतं. त्यांनी प्लेट फिरवली. पुन्हा फिरवली. वर कार्ब्युरेटर ठेवून पाहिला, तर त्याचंही तेच. प्रेसची पाटी कापून झाली होती, उरलेल्या तुकड्यांत साबणाची डबीही झाली नसती. आणि भंगारवाला केव्हाही आला असता.

ते प्लेट आणि पुठ्ठा घेऊन गाडीच्या खिडकीशी आले. शाळेत प्रगतीपुस्तक दाखवतात तसे दोन्ही पुढे केले.

"बसत नाही," ते म्हणाले. "मापं तर बरोबर होती."

बाईंनी पुठ्ठा मांडीवर घेतला, प्लेट हातात. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग हात वर करून त्यांनी मागचं बघायचा आरसा खाली वाकवला, प्लेट त्याच्यासमोर धरली, आणि आरशाकडेच बघत राहिल्या.

शिक्केवाल्यांना ते बघणं ओळखीचं वाटलं. फार वर्षांपूर्वी एक मुलगी ड्रायव्हिंग क्लासचा शिक्का करून घ्यायला दुकानात आली होती. शिक्का अजून कोरडा होता, रबरावरची अक्षरं उलटी. भलीभली गिऱ्हाइकं ती बघून मान हलवत आणि छापून दाखवा म्हणत. ही मुलगी नुसतं रबर बघून म्हणाली होती, "फोन नंबरमधे शेवटचे दोन आकडे मागेपुढे झालेत." उलटं कसं वाचलंत, असं विचारल्यावर म्हणाली, मागच्या गाड्यांच्या पाट्या मी दिवसभर आरशातच वाचते. त्यांनी तो शिक्का पुन्हा करून दिला, आणि तो द्यायला स्वतः गेले. मग ते जातच राहिले.

"आरशात बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

शिक्केवाल्यांनी वाकून आरशात पाहिलं.

"पुठ्ठ्यावर छाप सरळ आली होती. तुम्ही ती धातूवर उलटी कोरलीत." बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, अॅडॅप्टर प्लेट करायची होती. तुम्ही शिक्का केलात."

आणि त्या हसल्या. आधी नाकातल्या नाकात, मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून. हॉर्न वाजला, तरी त्यांनी कपाळ उचललं नाही. शिक्केवाले बाहेर उन्हात उभे होते, हाताला जांभळी शाई, आणि आयुष्यभराच्या सवयीने हातून असं घडल्याबद्दल वाईट वाटावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी तेही हसले, कारण बाई हसत होत्या.

"मग पालथी घाला ना," डोळे पुसत बाई म्हणाल्या.

"पालथी घातली की खळगे खाली जातात. वर स्क्रूची डोकी उभी राहतील."

"या बाजूनेही खळगे करा. का, ड्रिलला सुट्टी आहे?"

शिक्केवाल्यांनी प्लेटकडे पाहिलं. जाडी भरपूर होती. आणखी काही करायची गरज नव्हती.

खळगे झाले. प्लेट पालथी ठेवली आणि चारही स्क्रू, घरी कोणी वाट बघत असल्यासारखे, आपापल्या भोकांत गेले. वर दुसरं गॅस्केट, वर कार्ब्युरेटर. पेट्रोलची नळी आणि अॅक्सिलरेटरची वायर जोडली. बाईंनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, घसा खाकरला, परकं भांडं आपल्या स्वयंपाकघरात आलंय हे कळायला तिने थोडा वेळ घेतला. मग ती सुरू झाली आणि सुरू राहिली.

शिक्केवाले धावत शेजारच्या सीटकडे गेले, पण दार उघडण्याआधीच भंगारवाला आला. त्याने आपला तीनचाकी टेम्पो थेट फाटकात, तिरका, गाडीच्या तोंडासमोर लावला आणि खाली उतरून विचारलं, "हीच का ती?"

बाईंनी काच खाली केली. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी त्याच्या टेम्पोकडे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पाहिलं.

"ही अशी गाडी लावतात?" त्या म्हणाल्या. "चाक कुठे वळलंय बघा. आरसा कुठाय तुमचा?"

"आरसा पडला, ताई."

"आणि तसेच रस्त्यावर फिरता? लायसन्स कोणी दिलं? बसा आत. चाक सरळ करा. आता हळू मागे घ्या. मागे म्हणतेय मी, बाजूला नाही. क्लच का जाळताय, तुमच्याच मालकीचा आहे ना?"

भंगारवाला बिचारा मागे घेत होता. शिक्केवाले गाडीत बसले, दार ओढून घेतलं, सीटवर नीट सावरून टेकले.

"हुं," ते म्हणाले. आणि मग, बाईंची काच खालीच होती म्हणून जरा मोठ्याने, "हुं."