पुलापुढचं झाड

उस्तादांना झोप लागत नाही, असं आमच्या डेपोत सगळे छातीठोकपणे सांगायचे. उस्ताद म्हणजे माझे बाबा, एकतीस वर्षं ट्रक चालवणारे. त्यांना झोप किती लागते ते आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना विचारा. ट्रिपवरून आले की बाबा जेवताना घास हातात धरूनच झोपतात, आणि आई तो घास काढून घेऊन त्यांना पलंगापर्यंत ढकलत नेते. पण डेपोतलं कोणी आमच्याकडे कधी जेवायला आलेलं नव्हतं.

या सगळ्याचं मूळ होतं एका खुर्चीत. ड्रायव्हरांच्या खोलीत खिडकीशी एक लाल रेक्झीनची आरामखुर्ची आहे. मालकीणबाईंनी ती एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणली आणि कौतुकाने जाहीर केलं की बंदरापर्यंत माल पोचवून जो महिन्यात सगळ्यांत कमी वेळात परत येईल, खुर्ची त्या महिन्यात त्याची. अकरा वर्षं ती बाबांकडे होती. बसायला मात्र त्यांना एकदाही सवड झाली नाही. खुर्चीवर त्यांचा टॉवेल बसायचा, आणि बाकीचे त्या टॉवेलालासुद्धा वचकून असायचे.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच कंपनीत मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. हुद्दा भारदस्त, टेबल जिन्याखाली. गाड्यांचे ब्रेक, टायर, कागदपत्रं बघायची, आणि ड्रायव्हर कायद्याप्रमाणे विश्रांती घेतात की नाही ते बघायचं. सलग चार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं आणि कुठे थांबलो ते नोंदवहीत लिहायचं, असा नियम. सोमवारी सरकारी तपासणी यायची होती. "आता मला माझीच पोरगी नियम शिकवणार!" असं बाबा डेपोभर सांगत फिरले आणि पोट धरून हसले. मीही हसले.

गुरुवारी मी सगळ्या नोंदवह्या टेबलावर घेतल्या आणि माझं हसू मावळलं. एकाच मंगळवारी, सकाळी अकरा ते पावणेबारा, आमच्या सहा गाड्यांनी एकाच जागी विश्रांती घेतली होती. सहाही वह्यांत तेच शब्द होते: 'पुलापुढचं झाड, सावलीत, पाऊण तास.' आता त्या जागी दोन गाड्या लागल्या तरी तिसऱ्याने पुढे जावं, एवढीच जागा आहे. आणि झाडाचं म्हणाल, तर आदल्याच आठवड्यात मी वाटेतले सगळे थांबे बघून आले होते. पुलापुढे झाड नव्हतंच. एक रुंद खोड होतं आणि शेजारी पाइपांचा ढीग. रस्ता रुंद करायला झाड तोडून तीन महिने झाले, असं तिथल्या मजुराने मला सांगितलं होतं. म्हणजे आमच्या सहा गाड्या नसलेल्या झाडाच्या सावलीत उभ्या होत्या!

मी वकिलाला बोलावलं. वकील म्हणजे आमचा एक ड्रायव्हर. गाडीला ओरखडा पडला तरी तो भिंतीचीच चूक सिद्ध करून दाखवतो, म्हणून हे नाव.

"पुलापुढे कुठल्या झाडाखाली थांबलात हो?" मी विचारलं.

"ताई, खरं सांगू, की लिहिलंय ते सांगू?"

"खरं."

"झाड गेलं. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण उस्ताद लिहितात ना! नवा माणूस लागला की त्याला उस्तादांची जुनी वही देतात, 'अशीच भर' म्हणून. मीही तीच उतरवली. आता उस्ताद अजून झाड लिहितायत, म्हणजे त्यात काहीतरी मेख असणार, असं आम्ही धरून चाललो. त्यांना कोण विचारणार?"

"आणि थांबता कुठे?"

वकिलाने छताकडे पाहिलं. "थांबलो तर खुर्ची कशी मिळेल, ताई?"

तो गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्याच्या बोटाला धरून मी चालायला शिकले, तो माणूस अख्ख्या डेपोला खोटं लिहायला शिकवत होता. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागाहून वाईट होतं. बाबा थांबतच नसतील, तर तीस टनांची गाडी पेंगत चालली होती आणि त्या गाडीत माझा बाप होता. मला भीती वाटली. अगदी लहानपणी वाटायची तशी.

संध्याकाळी मी घरी विषय काढला. "बाबा, वाटेत थांबता ना?"

"थांबतो की."

"कुठे?"

"झाडाखाली," बाबा म्हणाले, आणि डोळ्याची पापणीही न हलवता त्यांनी आमटीची वाटी पुढे केली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबतात हो! गेल्या महिन्यात अर्ध्या झोपेत माझा स्वेटर घालून डेपोत गेले होते. दुपारी कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं."

"उबदार होता," बाबा म्हणाले.

झाड तोडल्याचं मी काही बोलले नाही. म्हटलं, रंगेहाथ पकडायचं. "शनिवारी मी तुमच्याबरोबर येतेय. पाहणीसाठी," मी सांगितलं.

"या की, मॅडम!" बाबांनी बसल्या बसल्या सलाम ठोकला. पाच मिनिटांनी त्यांची मान छातीवर होती.

शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. बाबा आदल्या रात्री उशिरा परतले होते, पण स्वारी खुशीत होती. लेक पहिल्यांदाच शेजारी बसली होती. कुठल्या वळणावर कोणाची गाडी रुतली होती, कुठला पंपवाला पाण्यासारखा चहा देतो, कुठल्या घराचा कुत्रा फक्त निळ्या गाड्यांवर भुंकतो, हे सगळं ते मला सांगत होते. या रस्त्यावरचा दगड न् दगड मला ओळखतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी हसत होते आणि मांडीवरच्या वहीत त्यांच्या जांभया मोजत होते. नऊनंतर ते जांभई आली की गाणं सुरू करायचे, म्हणजे तोंड उघडायला निमित्त. साडेनऊपासून एकाच गाण्याची एकच ओळ चालली होती. दहानंतर तीही थांबली. पुढे रस्ता सरळ होता, बाबांचे डोळे उघडे होते, आणि मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे त्यांनी "हं?" केलं.

अकराला पूल आला. पूल ओलांडला. आता हे काय थाप मारतात ते बघू, म्हणून मी सावरून बसले.

बाबांनी हॉर्न एकदा हळूच वाजवला, डावा हात स्टिअरिंगवरून उचलून बाहेर कोणालातरी नमस्कार केल्यासारखा हलवला, आणि गाडी तशीच पुढे नेली.

"बाबा, हात कोणाला केलात?"

"झाडाला." ते जरा ओशाळले. "आता तुला कळलंच आहे. थांबत नाही मी. पण जाताना हात करतो. रोजची ओळख आहे."

"कुठल्या झाडाला?"

"अगं हे काय, आत्ता गेलं ते. एवढं मोठं झाड दिसलं नाही तुला?"

ते खोटं बोलत असतील असं धरून मी आले होते, आणि बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना झाड दिसलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. मग वेग कमी करत, इंडिकेटर देत, गाडी कडेला घेतली. उतरले आणि चालत मागे गेले. मी त्यांच्यामागे गेले.

खोडापाशी बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाइपांचा ढीग पाहिला. वर पाहिलं, तिथे नुसतं आभाळ होतं.

"कधी तोडलं?"

"तीन महिने झाले."

बोटांवर हिशेब करायला त्यांनी हात वर केला आणि मग खाली सोडला. तीन महिने आठवड्यातून चारदा ते इथून गेले होते. प्रत्येक वेळी हॉर्न वाजवला होता, हात केला होता.

"मग मी बघत काय होतो गं?" बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मी सुनावायची सगळी वाक्यं घरून पाठ करून आणली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

"एखादा माणूस उभा असता तर?" ते म्हणाले. "तोही दिसला नसता."

"बाबा, चला. झोपा."

ऊन तापलं होतं. ते मुकाट्याने केबिनच्या मागच्या फळीवर आडवे झाले आणि बूट काढायच्या आत घोरायला लागले. मी बूट काढले. मग गाडीच्या सावलीत बसून पहारा दिला. पाऊण तासाने मी त्यांना उठवलं नाही. त्यांनी इतकी वर्षं मला शाळेला, परीक्षेला, मुलाखतीला उठवलं होतं. एक दिवस मी त्यांना उठवलं नाही, एवढंच.

मालकीणबाईंचा फोन आला. "गाडी बंदराला पोचली का गं?"

"नाही. उस्ताद झोपलेत."

"कोण?"

"उस्ताद, बाई. आवाज ऐकवू?" मी फोन केबिनपाशी धरला. घोरणं ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "अगं बाई! बंदरात मी उशीर कळवते," आणि त्यांनी फोन ठेवला.

दीड तासाने बाबा उठले. चहा प्यायले, वही मागून घेतली आणि पेन झटकून लिहिलं: 'पुलापुढे थांबलो. झाड नाही. दीड तास झोपलो.' मग मागची पानं उलटून पाहिली. तेच अक्षर, तेच झाड, पानंच्या पानं.

"हे तपासणीत दाखवावं लागेल ना?"

"हो. मी लपवणार नाही, बाबा." "तुमचं लायसन्स काही दिवस जाईल."

"तू कशाला लपवतेस? माझी वही आहे, मी दाखवीन." ते पायऱ्या चढून स्टिअरिंगपाशी बसले. "फक्त आईला मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस, नाहीतर दोघांनाही बोलणी बसतील."

सोमवारी तपासणीच्या बाई आल्या. करड्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हसणं घरी ठेवून आलेल्या. वकील आपल्या वहीवर हात ठेवून खुलासा सुरू करणार, एवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी स्वतःची वही बाईंसमोर उघडून ठेवली.

"हे सगळं खोटं आहे," बाबा म्हणाले. "बाकीच्यांनी माझं बघून लिहिलंय. शेवटचं पान तेवढं खरं."

बाईंनी शेवटचं पान वाचलं. चष्मा वर केला. "झाड नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आणि तोडलं कधी?"

"तीन महिन्यांपूर्वी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. एका ओळीत त्यांना सगळं कळलं होतं, आणि ड्रायव्हरांनाही त्याच क्षणी कळलं. मेख कुठे होती ते वकिलाला उमगल्याचं मी त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं. त्याने आपली वही निमूट बाबांच्या वहीवर ठेवली. मग बाकीच्यांनी.

बाबांना पंधरा दिवस स्टिअरिंगला हात लावायची बंदी झाली, बाकीच्यांना लेखी ताकीद, आणि कंपनीला सगळ्या गाड्यांत वेळ मोजणारं यंत्र बसवायला दोन महिन्यांची मुदत. मालकीणबाईंनी खुर्चीची शर्त तिथल्या तिथे रद्द केली. "मी आपली कौतुकाने आणली होती," असं त्या तीनदा म्हणाल्या आणि चौथ्यांदा डोळे पुसले. आता ती खुर्ची जो थकलेला असेल त्याची.

पहिला हक्क बाबांनी बजावला. मंगळवारी सकाळी ते डेपोत आले, टॉवेल उचलला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. दहा मिनिटांत खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. ड्रायव्हर दारात गर्दी करून ऐकत उभे राहिले. "उस्ताद झोपतात!" वकील पुन्हा पुन्हा म्हणत होता. पंधरा दिवसांत बाबा इतके झोपले की आईला तिच्या स्वेटरची काळजी उरली नाही.

सोळाव्या दिवशी ते ट्रिपवर गेले. परत आल्यावर त्यांनी वही माझ्या जिन्याखालच्या टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून समोर उभे राहिले. मी वाचलं: 'पुलापुढे थांबलो. सावली गाडीचीच. पाऊण तास झोपलो. उठल्यावर खोड नीट पाहिलं. फुटवे आलेत. तीन.'

दुसऱ्या दिवशी मला थांबे बघायला त्याच रस्त्याने जायचं होतं. खोडाशी वाकून मी मोजले, आणि संध्याकाळी ताठ मानेने घरी आले.

"चार आहेत, बाबा. नोंद चुकली तुमची."

बाबांनी घास खाली ठेवला. ते चांगले टक्क जागे होते. "तीनच होते," ते म्हणाले. "चौथा आज आला असेल. उद्या जातोय, बघून सांगतो."