न्हाणीघरातली दोनशे चाळीस घमेली

जपानमधल्या कुरे शहरातलं कामेझो इनुइंचं सार्वजनिक न्हाणीघर बंद झालं, तेव्हा तिथली दोनशे चाळीस पिवळी प्लास्टिकची घमेली हात्सुएने मागून घेतली. हात्सुए शिल्पकार. लहानपणी ती आईबरोबर इथेच अंघोळीला यायची, त्यामुळे ऐंशी वर्षांच्या कामेझोकाकांना नाही म्हणवेना. एवढंच म्हणाले, "ने. पण त्यांचं हसं करू नकोस."

चार महिने ती पॉलिश पेपर घेऊन बसली. एकेका घमेल्याचा तळ तिने इतका पातळ केला, की आत दिवा ठेवला तर मधासारखा उजेड झिरपावा. बोटांची सालं निघाली. मग संग्रहालयात प्रदर्शनासाठी तिने आत दिवे ठेवून त्यांचे बारा उंच खांब रचले.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी तिथल्या अधिकारी मोरिनागाबाईंनी एका खांबाला बोट लावलं. खांब डुलला.

"आतून लोखंडी सळी घाला," त्या म्हणाल्या.

"सळीसाठी सगळ्यांना भोकं पाडावी लागतील. ते मी करणार नाही."

"मग हे उघडणार नाही."

तेवढ्यात कामेझोकाका आले. हात्सुएनेच त्यांना बघायला बोलावलं होतं. त्यांनी खांबांकडे पाहिलं, कोट काढला आणि सरळ वरची घमेली उतरवायला लागले.

"काका, हात लावू नका. माझं काम आहे ते."

"मग छपन्न वर्षं रोज रात्री ही रचून ठेवत होतो, ती काय गंमत? असं रचतात होय?"

हात्सुएच्या ओठावर फटकळ उत्तर आलं होतं. पण काकांचे हात न बघताच चालत होते: खालच्या तीन घमेल्यांच्या खांद्यावर वरचं एक, पालथं. मधल्या फटींतून आतल्या दिव्यांचा उजेड निसटून जमिनीवर गोल गोल पसरला. चार महिने ती उजेड शोधत होती, आणि फटींकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

तिने दुसरा खांब स्वतःच उतरवला.

दुपारपर्यंत खोलीत पिवळा डोंगर उभा राहिला. मोरिनागाबाईंनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिला. हलला नाही.

"पाटीवर तुमचंही नाव लावतेय," हात्सुए म्हणाली.

"माझं कशाला?"

"घासणं माझं, रचणं तुमचं. उगाच लाजू नका."

उद्घाटनाला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. कुठून बघितलं तर चांगलं दिसतं, ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. हात्सुए मागे भिंतीला टेकून निवांत उभी राहिली. पुढचं शिल्पही न्हाणीघरातल्याच सामानाचं करायचं, हे तिचं ठरलं होतं आणि ते आधी काकांना विचारून रचायचं, हेही.